कोंड्याचा मांडा

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी माझ्या भाचीचे पत्र आले. पत्र म्हणायचे ते जुन्या सवयीने. प्रत्यक्षात तो फोनवर आलेला लांबलचक मजकूर होता. पण तिने तो पत्रासारखा, 'तीर्थरूप मामांस' असा मायना घालून लिहिला होता, म्हणून मीही त्याला पत्राचा मान देतो. ती आणि तिचा नवरा दोघेही फिनलंड देशात ताम्पेरे नावाच्या शहरी नोकरीला आहेत. तिकडच्या थंडीच्या, अंधाराच्या आणि तळ्यांच्या हकिगती ती अधूनमधून कळवीत असते. या खेपेची हकिगत मात्र निराळी होती.

"मामा," तिने लिहिले होते, "इथे बाजाराच्या चौकात धान्य भरलेली आतडी विकतात. काळीकुट्ट, जाडजूड, गरम गरम. लोक थंडीत उभे राहून लाल आंबट फळांच्या मुरंब्याबरोबर ती खातात. आपल्याकडे असलं काही कधी होतं का हो? तुम्ही इतिहासाची पुस्तकं वाचता म्हणून विचारते. मामींना सांगू नका."

मामींना अर्थातच सांगितले गेले. आमच्या घरात फोन मोठ्याने वाचायची माझी खोड आहे. घरात फराळाची गडबड चाललेली, दुसऱ्या दिवशी गाय-वासराची पूजा, गहू वर्ज्य म्हणून बाजरीचे पीठ काढून ठेवलेले. आणि मी आपला आतड्यांचा विषय काढून बसलेला! काय व्हायचे ते झाले. पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आम्ही त्र्यंबकचे राहणारे. ज्या गावाच्या जन्मकथेतच दुष्काळ, धान्य आणि जनावर ही तिन्ही एकत्र आली आहेत, त्या गावच्या माणसाला असा प्रश्न सहजासहजी झटकता येत नाही.

ती कथा वाचकांना ठाऊक आहेच, तरी दोन ओळींत सांगतो. मोठे अवर्षण पडले तेव्हा गौतम ऋषींनी वरुणाला प्रसन्न करून न आटणारे पाणी मिळवले, त्यावर भात पिकवला आणि आश्रयाला आलेल्या ऋषींना जगवले. पुढे त्या शेतात एक गाय शिरली. गौतमांनी दर्भाच्या काडीने तिला हाकलले, तो ती गतप्राण झाली. त्या पातकाच्या क्षालनासाठी ब्रह्मगिरीवर तप झाले आणि गोदावरी अवतरली. आमच्या लहानपणी कुशावर्तावर ही कथा ऐकताना सर्वांचे लक्ष गंगेकडे असे. माझे लक्ष का कोण जाणे, त्या भाताकडे असे. इतक्या माणसांना तो पुरला कसा? वरुणाच्या कृपेने पुरला, हे उत्तर कथेपुरते ठीक आहे. ज्यांच्यावर वरुणाची कृपा झाली नाही त्यांनी थोडे अन्न पुष्कळ तोंडांना कसे पुरवले, हा खरा इतिहासाचा प्रश्न होय. आणि भाचीने पाहिलेले ते काळे आतडे हे त्याचेच एक उत्तर आहे.

प्रथम त्या परदेशी पदार्थाची नीट ओळख करून घेऊ. फिनिश भाषेत आतड्यात भरलेल्या पदार्थाला 'मक्करा' म्हणतात. 'मुस्ता' म्हणजे काळा. तेव्हा ताम्पेरेचा तो 'मुस्तामक्करा'. त्यात डुकराचे मांस, रक्त आणि राय नावाच्या धान्याचा भरडा व पीठ असते. रक्तामुळे रंग काळा येतो. दुसरा प्रकार 'र्‍यूनिमक्करा'. 'र्‍यूनि' म्हणजे कणी. हा त्या देशाच्या पश्चिम व नैऋत्य भागातला. जवाच्या कण्या शिजवून त्या मांसाच्या व चरबीच्या बारीक तुकड्यांत मिसळायच्या आणि धुऊन साफ केलेल्या आतड्यात भरायच्या, असा हा कारभार. अलीकडे जवाच्या जागी तांदूळही घालतात म्हणे. ज्या देशात भाताची एक काडी उगवत नाही तिथे तांदूळ आतड्यात जाऊन बसावा, ही व्यापाराची किमया!

आता कण्याच का? त्या देशाचा नकाशा पाहिला की उत्तर मिळते. इतक्या उत्तरेला गहू धड पिकत नाही. जव मात्र थोड्या दिवसांत तयार होतो आणि उत्तरेकडे सर्वांत दूरवर तोच टिकाव धरतो. त्याच्या खालोखाल राय. उन्हाळा तोकडा, हिवाळा लांब. गुरांना आणि डुकरांना हिवाळाभर घालायला वैरण पुरत नाही, म्हणून शरद ऋतूच्या अखेरीस काही जनावरे मारावीच लागत. सुगी संपलेली, धान्य घरात आलेले आणि जनावर कापलेले, असे सगळे एकाच पंधरवड्यात येई. त्या सुमारास 'केक्रि' नावाचा त्यांचा जुना सण असे. शेतीचे वर्ष संपले, गडीमाणसांना सुट्टी मिळाली, पितरांची आठवण झाली, आणि पोटभर जेवण. ऑक्टोबरची अखेर किंवा नोव्हेंबरचा आरंभ, म्हणजे बहुधा आपली दिवाळीच! आपण चकल्यांचा सोऱ्या फिरवत असतो तेव्हा त्यांच्या घरी आतड्यांत कण्या भरणे चालत असे.

जनावर मारले की मोठे मांस खारवून ठेवता येते. रक्त मात्र थांबत नाही. काळीज, फुप्फुस, आतडी हीही थांबत नाहीत. जे थांबत नाही ते ताबडतोब कशात तरी मुरवले पाहिजे. धान्याची कणी ओल शोषून घेते, चरबी सामावून घेते आणि एका जनावराच्या उरल्यासुरल्या भागांतून सगळ्या वाड्याचे जेवण करून दाखवते. ही युक्ती काही एकट्या फिनलंडची नव्हे. स्कॉटलंडात मेंढीच्या कोठ्यात ओट भरतात, पोलंडात आतड्यात जवाच्या किंवा कुट्टूच्या कण्या घालतात, एस्टोनियात तर नाताळच्या ताटात जव घातलेले रक्ताचे आतडे लागतेच. आपल्याच देशात लडाखकडे व पलीकडे तिबेटात 'ग्युमा' करतात. थंड प्रदेशांची ही एक मोठी पंगतच आहे. होमरच्या ओडिसीत नायक रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर वळतो, त्याला उपमा दिली आहे ती चरबीने व रक्ताने भरलेले जनावराचे कोठे विस्तवावर परतणाऱ्या माणसाची. त्यात धान्य नाही, पण वंशावळ किती मागे जाते ते कळते.

ताम्पेरेची गोष्ट आणखी वेगळी आहे आणि ती आपल्याला जवळची वाटेल. हे शहर १७७९ साली स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याने एका धबधब्याच्या काठी वसवले. १८२० मध्ये जेम्स फिनलेसन नावाच्या स्कॉटिश यंत्रज्ञाने त्या पाण्याच्या जोरावर कारखाना काढला आणि पुढे त्याच नावाची कापडगिरणी एवढी वाढली की शहराला फिनलंडचे मँचेस्टर म्हणू लागले. खेड्यांतून पोरीबाळी आणि बाप्ये गिरणीत आले. घरी आतडी भरायला ना वेळ, ना जनावर. मग जो पदार्थ खेड्यात वर्षाकाठी एकदा होई, तो शहरात चौकात विकत मिळू लागला. काळे आतडे सतराव्या शतकापासून त्या भागात ठाऊक होते, पण त्याला गावाचा मानबिंदू केले ते मजुरांच्या भुकेने. भाची लिहिते, आजही ताम्मेलाच्या चौकात ते वजनाने मागत नाहीत, पैशाने मागतात. 'तीन युरोचं द्या' म्हणायचे. मला एकदम मुंबईच्या गिरणगावातली 'चार आण्यांची भजी' आठवली. मुंबईत कावसजी दावरांनी १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची उभारणी केली. तिथेही घाटावरून आणि कोकणातून गडी आले, खानावळी निघाल्या, आणि गिरणीच्या दरवाज्याबाहेर वजडीच्या रश्शाचे डेग चढले. दोन्हीकडे सूत एकच, भूकही एकच.

आता भाचीच्या मूळ प्रश्नाकडे वळतो: आपल्याकडे होते का?

होते. आणि ते गरिबाच्या झोपडीत नव्हे, राजाच्या मुदपाकखान्यात होते! कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात. हा ग्रंथ ११२९ ते ११३१ च्या सुमारास सिद्ध झाला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण; आजच्या महाराष्ट्राचा फार मोठा भाग त्या राज्यात मोडत होता. वीस वीस अध्यायांच्या पाच विंशती, असे शंभर अध्याय. त्यात हत्ती आहेत, रत्ने आहेत, संगीत आहे, आणि अन्नभोगाचे एक प्रकरण आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेली प्रत मी नाशिकच्या एका ग्रंथालयात बसून पाहिली. इडली-डोशांचे पूर्वज त्यात भेटतात, मांडे भेटतात. आणि त्याच पानांत 'मंडलीय' नावाचा एक पदार्थ येतो: जनावराच्या आतड्यात मगज व मसाला भरायचा आणि निखाऱ्यावर भाजायचा. राजा मोठा चोखंदळ. नदीकाठच्या शेतांतले काळे उंदीर कसे तळावे, हेही तो तितक्याच आस्थेने सांगतो. ज्यांना आपल्या पूर्वजांचे ताट आजच्या आपल्या ताटासारखेच होते असे वाटते, त्यांनी हे प्रकरण जरा सावकाशीने वाचावे.

पण गंमत पाहा. आतडे आहे, सारण आहे, विस्तव आहे; धान्य नाही. राजाला पुरवठ्याला आणण्याचे कारणच नव्हते. मगज हवा तेवढा होता, त्यात कणी कोण घालील? धान्य त्याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी येते. कांडण करताना महाराष्ट्रातल्या बाया ओवी गातात, असा उल्लेख सोमेश्वराने केला आहे. मराठी ओवीचा हा फार जुना दाखला म्हणून साहित्याचे अभ्यासक त्याच्याकडे आदराने पाहतात. म्हणजे एका ग्रंथात एकीकडे आतड्यात मगज भरणारा राजवाडा आणि दुसरीकडे उखळात धान्य कांडणारी बाई. दोघांची गाठ मात्र त्या ग्रंथात पडत नाही.

मग ती गाठ पुढे कुठे पडली? माझ्या मते ती आतड्यात पडलीच नाही. ती दोन निराळ्या ठिकाणी पडली.

एक उन्हात. थंड देशात हिवाळा हेच कपाट. आपल्याकडे ते काम ऊन करते. वैशाखातल्या आमच्या त्र्यंबकच्या गच्च्या आठवा. ब्रह्मगिरीवरून वारा सुटण्याआधी सकाळच्या प्रहरी खाटांवर धोतरे अंथरलेली. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, वस्त्रगाळ करून, निवळी वरचेवर ओतून देऊन खाली बसलेला शुभ्र चीक. तो मोठ्या पातेल्यात रटरट शिजतो आहे, दोन बायका आळीपाळीने लाटण्याने घोटताहेत, पोरे वाट्या घेऊन टपलेली. मग सोऱ्यातून कुरडया. आणि चीक काढल्यावर उरलेला चोथा? तोही टाकायचा नाही. त्याच्यात तिखटमीठ घालून भुसवड्या. मराठीत 'कोंड्याचा मांडा करणे' हा वाक्प्रचार काही उगीच आलेला नाही. मांडा म्हणजे पक्वान्नांचा राजा, सोमेश्वराच्याही ताटातला; तो कोंड्यातून करून दाखवणारी ती सुगरण. कुरडई हे एक आतडेच आहे, मात्र त्याला बाहेरून कातडी नाही. सोऱ्याने आकार दिला आणि उन्हाने कातडी चढवली, असे मी एकदा घरात म्हणालो होतो. पुन्हा म्हणणार नाही.

गोव्याचा दाखला या बाबतीत पाहण्यासारखा आहे. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले आणि त्यांचा 'शौरीसु' तिथे 'चोरीस' झाला. डुकराचे मांस, मीठ, मिरची, माडाच्या सुरेचे व्हिनेगर. आतड्यात भरून रुद्राक्षाच्या माळेसारखी मण्यामण्यांनी बांधायची, ऊन आणि धूर द्यायचा. पावसाळ्याच्या बेगमीला तिकडे 'पुरुमेंत' म्हणतात, त्यातला हा महत्त्वाचा ऐवज. पण त्यात धान्य नाही! आमच्या दमट हवेत शिजलेली कणी आतड्यात कोंडली तर ती पावसाळ्यापर्यंत थोडीच वाट पाहणार? चार दिवसांत आंबून फुटेल. म्हणून गोवेकराने धान्य बाहेर ठेवले आणि खाण्याच्या वेळी त्याची गाठ घालून दिली: चोरीस नि पाव, किंवा चोरीस घातलेला भात. एवढीशी चोरीस आणि भले मोठे पातेले भात. हिशेब तोच, जागा बदलली.

दुसरी गाठ रश्श्यात पडली. हे मला पुस्तकातून कळले नाही. ते सांगायचे म्हणजे थोडे माझ्याकडे कमीपणा येतो. पण दिवाळीचा अंक घरोघर वाचला जातो, तेव्हा सांगितलेच पाहिजे.

शाळेत माझा एक सोबती होता. गावाच्या कडेच्या वस्तीत त्यांचे घर. गणितात तो माझ्यापुढे, म्हणून मी त्याच्याकडे जाई. तो आमच्याकडे क्वचित येई; का, ते त्या वयातही मला कळत होते आणि मी ते कळत नसल्यासारखे दाखवीत होतो. एकदा संध्याकाळी गेलो तेव्हा त्याची आई चुलीपाशी होती. मला पाहताच तिने पातेल्यावर ताट झाकले. "काय केलंय?" मी विचारले. "काही नाही बाबा, पिठलं," ती म्हणाली. मी खरे मानले. वास पिठल्याचा नव्हता, हे नाकाने सांगितले होते. पण मी नाकाचे ऐकले नाही.

हा सोबती पुढे सरकारी नोकरीत चढत गेला, आता निवृत्त होऊन नाशिकला असतो. भाचीचे पत्र घेऊन मी त्याच्याकडे गेलो. सोमेश्वर, होमर, फिनलंड असे सगळे मोठ्या उत्साहाने सांगितले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुला ते पिठलं आठवतं का?"

पिठले नव्हते ते. खाटकाकडून आणलेली वजडी होती. आतडी उलटी करून, चुन्याने चोळून, सात पाण्यांनी धुऊन, बारीक कापून शिजवलेली. "घरात खाणारी आठ तोंडं नि वजडी पावशेर. मग आई रश्श्याला नागलीचं पीठ लावायची. भाजलेलं पीठ पाण्यात कालवून सोडायचं, ढवळत राहायचं, रस्सा दाट झाला की खाली उतरवायचा. आठांना पुरायचं. पीठ लावलेलं होतं म्हणून पिठलं म्हणाली. खोटं नव्हती बोलली."

मराठवाड्यात हेच काम 'येसूर' करतो. धान्ये आणि डाळी भाजून मसाल्याबरोबर दळलेले ते पीठ कालवणाला लावले की थोडे मांसही पुष्कळ होते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांचा हा सगळा स्वयंपाक लिहून ठेवला आहे. त्यात वजडी आहे, रकती आहे, उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या आहेत. तेल-तुपाची फोडणी नाही, कारण तेल नव्हतेच. मानसोल्लासानंतर इतक्या बारकाईने आतड्याकडे पाहणारे मराठी मुलखातले पुस्तक मला तरी दुसरे आढळले नाही. मधल्या नऊशे वर्षांत आतडे राजवाड्यातून निघून गावाबाहेर कसे गेले, याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. कारण लिहिणारे आमच्यासारखे होते, ज्यांच्यासमोर ताट झाकले जात होते.

मी माझ्या परीने सोबत्याला म्हणालो, "अरे, हे सगळं लिहून ठेवायला हवं. पाककृती नाहीशा होतील." तो एकदम गंभीर झाला. "होऊ देत की. तुला पाककृती दिसते, मला माझा आजा दिसतो." त्याच्या आजाने मेलेले जनावर ओढण्याचे आणि त्याचे मांस खाण्याचे सोडले, ते महाडच्या परिषदेनंतर. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला मृत मांस सोडण्याचे आवाहन केले होते. पुढे १९३० च्या २ मार्चला नाशिकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. आजा या साऱ्यांत कुठे ना कुठे होता. "मांस सोडलं म्हणजे काय सोडलं, ठाऊक आहे?" सोबती म्हणाला, "वर्षाचं अर्धं पोट सोडलं. वाळवलेल्या चान्यांचं गाडगं सोडलं. त्याच्या बदली काय होतं? नागली. नुसती नागली. आजी म्हणायची, तो साल आम्ही आंबील पिऊन काढला. तुझ्या त्या फिनलंडवाल्यांना आपलं आतडं मानबिंदू वाटतं, कारण कोणी त्यांना ते खाल्लं म्हणून विहिरीवरून हाकललं नव्हतं."

यावर मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही. फिनलंडच्या गरिबांचे हालही काही कमी नव्हते. १८६६ ते १८६८ ह्या तीन वर्षांत तिकडे पिके बुडाली. १८६७ च्या वसंतात तळ्यांवरचे बर्फ जूनपर्यंत हटले नाही आणि सप्टेंबरच्या आरंभी पुन्हा हिमदव पडले. देशाची सुमारे आठ टक्के वस्ती त्या दुष्काळात गेली. लोकांनी पाइनच्या झाडाची आतली साल वाळवून, दळून, पिठात मिसळून भाकरी केली. आपल्याकडे १८७६ ते १८७८ चा दुष्काळ असाच पडला, तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. एवढ्यावर माणसाने दिवसभर खडी फोडायची. तेव्हा भुकेच्या बाबतीत दोन्ही देश समान. पण भुकेचे अन्न पुढे सणाचे अन्न होते की लाजेचे, हे भूक ठरवीत नाही. ते गावच्या रचनेवर ठरते. साल घातलेली भाकरी तिकडे शाळेच्या पुस्तकात गेली. आमच्याकडे चान्या आत्मचरित्रांत जायलाही एकोणीसशे सत्तरीचे दशक उजाडावे लागले.

त्या दशकातला १९७२ चा दुष्काळ मी स्वतः पाहिला आहे. आमच्या पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात पाऊस बरा. खरे हाल पूर्वेकडे, सिन्नर-येवल्याकडे. पण रेशनवर मिलो आला होता, अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापता थापता तुटे. आई तीत नागलीचे पीठ घाली, म्हणजे चिकटपणा येई. दुष्काळी कामांवर सुकडी वाटत, तीही मी खाल्ली आहे. तेव्हा रश्श्याला पीठ लावण्यात आणि मिलोत नागली घालण्यात फरक तो काय? सोबत्याला मी हे सांगितले. तो म्हणाला, "फरक एवढाच, की तुझ्या आईनं परातीवर ताट झाकलं नाही."

नागलीविषयी येथे दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. हे धान्य मूळचे पूर्व आफ्रिकेतल्या उंच प्रदेशातले. हजारो वर्षांपूर्वी ते आपल्याकडे आले आणि आमच्या त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या उतारांवर असे रुजले की ते परके आहे हे कोणाला सांगून खरे वाटू नये. उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजायचा, त्या राखेत रोपे धरायची, पावसाने जमीन भिजली की डोंगरउतारावर ती लावायची. आदिवासी शेतकरी अजून असेच करतात. दाणा मोहरीएवढा, पण कीड त्याच्या वाटेला जात नाही. कणगीत वर्षानुवर्षे तो तसाच राहतो. म्हणून सुकाळात त्याची कोणी विचारपूस करीत नाही आणि दुष्काळात सगळे त्याच्याच दारी. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून नागलीची बिस्किटे शहरात महाग दराने मिळू लागली आहेत. नागलीला याचे सोयरसुतक नसावे.

असो. यंदाच्या मे महिन्यात भाची आली. आल्या आल्या तिने कुरडयांच्या चिकाला हातभार लावला आणि निम्मा चीक वाटीने खाल्ला. तिला घेऊन मी नाशिकला सोबत्याकडे गेलो. मी वाटेत तिला बजावले होते, की त्या जुन्या गोष्टी काढू नकोस, त्याला त्रास होतो. तिने बसल्या बसल्या पहिलाच प्रश्न केला, "काका, तुमच्या आई पीठ लावून करायच्या ते वजडीचं कालवण, ते मला सांगाल का? तिकडे मला सगळं सामान मिळतं, फक्त नागली नाही."

मला वाटले, आता हा उठून आत जाणार. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "जव मिळतो का?" त्याने विचारले.

"जवाचं पीठ मिळतं, कण्याही मिळतात."

"पीठ घे. कोरडं भाज, वास सुटेपर्यंत. थंड पाण्यात कालव, गरम पाण्यात नको, गुठळ्या होतात." मग तो पाऊण तास बोलत होता. चुना नसेल तर मीठ चालेल. आतडी उलटी करताना बोटाला काडी लावून घ्यावी. लसूण कच्चा ठेचून शेवटी. भाची लिहून घेत होती. मांस किती घ्यायचे ते तिने विचारले, तर त्याने उलट विचारले, जेवायला माणसे किती? ती म्हणाली, आम्ही दोघे आणि शेजारचे दोघे. "मग पीठ एकच मूठ," तो म्हणाला. परत येताना ती मला म्हणाली, "मामा, तुम्ही म्हणाला होता ना, त्यांना त्रास होतो म्हणून?" मी एस.टी.च्या खिडकीबाहेर अंजनेरीकडे पाहत राहिलो.

जाताना तिच्या मामीने तिच्या सामानात कुरडया, भुसवड्या आणि नागलीच्या पिठाची एक पिशवी घातली. पिठाची पिशवी विमानतळावर अडवतील अशी सगळ्यांना धास्ती होती. पण ती सुखरूप पोचली.

भाद्रपदात तिच्याकडून एक छायाचित्र आले. टेबलावर एक पातेले, त्यात दाट तांबूस रस्सा, शेजारी बशीत त्यांची ती लाल आंबट फळे, आणि पलीकडे तळलेल्या कुरडया, बशीबाहेर आलेल्या. खाली लिहिले होते, शेजारच्या आजींना फार आवडले, त्यांनी दोनदा घेतले. पण कुरडई कशाची असते ते त्यांना शेवटपर्यंत पटले नाही.

मी ते छायाचित्र सोबत्याला दाखवायला नेले. त्याने फोन डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ पाहिले, मग बायकोला आतून बोलावून तिलाही दाखवले.

"पीठ जरा जास्त झालंय," तो म्हणाला. "तिला सांग, चौघांना एकच मूठ सांगितली होती."